निलंबनाचे घरातील एक उदाहरण

(दुपारचं स्वयंपाकघर. आई सदऱ्याला बटणं लावतेय. मग काचेच्या ग्लासावर चमचा आपटतो : टण्.)

आई : चमचा खाली ठेव.

ठकू : मी ढवळतेय.

आई : दिसतंय. दहा मिनिटं तू ढवळतेयस आणि दहा मिनिटं मी ऐकतेय. ठेव खाली.

ठकू : पिठाचं पाणी आहे हे. ढवळणं थांबवलं की पीठ खाली बसतं. किती मिनिटांत बसतं ते लिहायचंय.

आई : मग थांब की! तू थांबलीच नाहीस तर ते बिचारं बसणार कधी?

ठकू : तू रागावलीस की मला हात थांबवता येत नाही.

आई : मी रागावलेली नाही.

ठकू : मग त्या सदऱ्याचं बटण आतल्या बाजूने का लावलंयस?

आई : कुठे? अरे देवा. सहा वाजता गिऱ्हाईक दारात उभं राहील. कात्री दे ती. आणि विज्ञानाची वही आण इकडे. पुन्हा एकदा वाच, मोठ्याने.

ठकू : सगळं?

आई : तिसरा प्रश्न.

ठकू : "पुढील तक्ता पूर्ण करा. प्रत्येक प्रकारच्या मिश्रणाचे घरातील एक उदाहरण द्या. द्रावण, मिठाचे पाणी." बरोबर. "कलिल, दूध." हेही बरोबर, पण मला ते पटलेलं नाही. "निलंबन..."

आई : हं. वाच ना. लिहिताना नाही अडखळलीस.

ठकू : "निलंबन, बाबा."

आई : आणि त्याच्यापुढे लाल शाईत?

ठकू : दोन प्रश्नचिन्हं. "पालकांनी पाहावे. उद्या सही आणणे."

आई : अगं बारा वर्षांची घोडी झालीस तू! घरात पिठाचं पाणी आहे, कुंडीतली माती आहे, भिंतीला लावून उरलेला चुना आहे. ते सगळं सोडून तुला बाबा सापडला?

ठकू : बाईंनी घरातलंच विचारलं होतं.

आई : ठकू, सरळ सांग. हा शब्द तू कुठे ऐकलास?

ठकू : पुस्तकात. धडा सहावा.

आई : त्याच्या आधी.

ठकू : तू मावशीशी फोनवर बोलत होतीस. दार लावून. "त्यांचं निलंबन झालंय, कुणाला बोलू नकोस," म्हणालीस. मला वाटलं, बाबाला काहीतरी झालंय.

आई : झालंय म्हणजे?

ठकू : आजार. शब्द तसाच आहे ना. काविळीसारखा. मी रोज सकाळी त्याच्या डोळ्यांत बघायचे, पिवळे झालेत का.

आई : ...मला विचारायचं नाही का गं?

ठकू : तू म्हणालीस ना, कुणाला बोलायचं नाही.

आई : ते मावशीला सांगत होते मी!

ठकू : मग मागच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, निलंबन. मला इतकं बरं वाटलं आई! आजार नव्हताच. मिश्रण होतं.

आई : आता मी हसू का डोकं आपटू?

ठकू : आणि व्याख्या अगदी बाबासारखी आहे. "ढवळल्यास कण सर्वत्र पसरतात. स्थिर ठेवल्यास तळाशी बसतात." घरात कुणी आलं की बाबा चहा ठेवतो, बडबडतो, उगाच पंखा पुसतो. ते गेले की खुर्चीत. खालच्या काकूसुद्धा मला म्हणाल्या, "तुझे बाबा हल्ली घरी बसलेत वाटतं." बसलेत. पुस्तकातलाच शब्द.

आई : खालच्या काकूंना मी एकदा चांगली... जाऊ दे. खोड ते.

ठकू : पेनाने लिहिलंय.

आई : मग कागद चिकटव वरून.

ठकू : बाईंना कळेल. बरं, मी खोटं कुठे लिहिलंय? तू सांगितलंस ते खोटं. "बाबाची रजा साठली होती, म्हणून घरी आहे."

आई : ते खोटं नव्हतं. जरा पाणी घातलं होतं खऱ्यात.

ठकू : म्हणजे द्रावण. विरघळलं की दिसत नाही.

आई : एक दिवस, फक्त एक दिवस मला या तीन शब्दांशिवाय जगू दे. बस इथे. ऐक नीट. निलंबन म्हणजे कामावरून काही दिवस बाजूला ठेवतात. तसा कागद येतो. मग चौकशी होते आणि मग ठरतं.

ठकू : म्हणजे काढून टाकलं?

आई : नाही.

ठकू : मग ठेवलंय?

आई : तसंही नाही. काढलेलं नाही आणि ठेवलेलंही नाही. मधेच आहे.

ठकू : पण मग ते कलिल झालं! विरघळतही नाही, खाली बसतही नाही, नुसतं गढूळ राहतं. माझं उत्तर चुकलंच मग.

आई : हे बघ, तुला निलंबनाला दुसरं काहीही सापडेल. शोध.

ठकू : ही चालेल? गुलाबी औषधाची बाटली. मला ताप आला होता तेव्हाची. "घेण्यापूर्वी बाटली नीट हलवावी." बघ, खाली सगळं बसलंय.

आई : ती ठेव.

ठकू : अगं पण किती छान उदाहरण...

आई : ठेव म्हटलं ना! ती बाटली नको. फेकायचीच आहे ती.

ठकू : बरं. ओरडतेस कशाला? किल्ली वाजली. बाबा आला.

बाबा : नळाच्या चकत्या मिळाल्या. तीन दुकानं फिरलो. आता तो नळ टपकून दाखवू दे.

आई : अहो, या आठवड्यात तो नळ दोनदा उघडलात. पाण्याची गाळणी तीनदा. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, साखरेवर साखर आणि मिठावर मीठ. मला चव कळत होती तोपर्यंत.

बाबा : दिसायला दोन्ही सारखीच असतात.

आई : हे घ्या. त्यापेक्षा हे वाचा.

ठकू : आई, मी सांगते ना त्याला...

आई : नाही. वाचू दे.

बाबा : काय आहे? विज्ञान. अक्षर बरंय. द्रावण, मीठ, ठीक. कलिल, दूध, शाबास. निलंबन...

ठकू : बाबा, मी चिडवायला नाही लिहिलं.

बाबा : तुला कुणी सांगितलं?

ठकू : फोनवर ऐकलं. अर्थ बाईंनी सांगितला.

बाबा : हं. उत्तराला गुण किती दिले?

ठकू : शून्य.

बाबा : अर्धा तरी द्यायला हवा होता.

आई : अहो!

ठकू : बाबा, मला सांग, दूध कलिल कसं? त्याच्यावर साय येते. म्हणजे काहीतरी वर जाऊन बसतंच ना?

बाबा : चांगला प्रश्न आहे. साय काढून घेतलीस की खालचं दूध पाण्यासारखं दिसतं?

ठकू : नाही. पांढरंच.

बाबा : दिवसभर ठेवलंस तरी?

ठकू : नासेल.

बाबा : नासेपर्यंत पांढरंच. ते राहिलेले कण फार बारीक असतात. पाणी त्यांना चारी बाजूंनी सारखं ढकलत राहतं. बसूच देत नाही.

ठकू : आई करते तसं.

आई : झालं का दोघांचं? मी शिवू की नको?

बाबा : दाखवतोच तुला. तो लांबट टॉर्च लागेल, खालच्या काकूंकडे आहे तो. मोबाइलचा उजेड फाकतो, आपल्याला सरळ रेघ पाहिजे. जा, घेऊन ये.

आई : त्यांच्याकडे? आणि कशाला हवाय म्हणून विचारलं तर?

ठकू : सांगेन, बाबा कलिल आहे का ते बघायचंय.

आई : काही सांगू नकोस! टॉर्च माग, तोंड मिटून परत ये. आणि जिन्यात पळू नकोस.

बाबा : गेली. दार लोटलं तिने.

आई : हसताय तुम्ही?

बाबा : "तळाशी बसतात." निरीक्षण काय केलंय पोरीने!

आई : दीड महिन्यात पहिल्यांदा हसलात, तेही ह्यावर. मला तुमच्याशी भांडायचंय आणि तुम्ही हसताय. परवा चौकशी आहे. लिहून काय दिलंत, ते मला अजून दाखवलेलं नाही.

बाबा : जे घडलं तेच. दुपारची पाण्याची तपासणी केली नाही. सकाळचा आकडा उतरवला. सही केली.

आई : आणि कारण?

बाबा : कारणाची जागा मोकळी ठेवलीय.

आई : अहो, मोकळी का? एक ओळ लिहायची होती. "मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली, अंगात एकशेचार ताप होता, म्हणून तातडीने गेलो." समोर माणसंच बसणार आहेत ना? त्यांनाही पोरंबाळं असतील.

बाबा : आहेत. साहेबांचा मुलगा ठकूच्याच वर्गात आहे. आज लिहिलं की चार दिवसांत वर्गात पोचेल. आणि तिला काय ऐकू येईल? तिच्या तापामुळे तीन वस्त्यांना गढूळ पाणी गेलं, तिच्यामुळे बापाची नोकरी गेली. बारा वर्षांची पोर ते पुसून टाकेल असं वाटतं तुला?

आई : तिच्यामुळे नाही गेलं. माझ्यामुळे गेलं. शाळेने मला कळवलं आणि मी तुम्हाला फोन केला. "आहात तसे या" म्हणाले. दवाखाना शाळेसमोरच होता, मी तिच्याजवळ होते. दहा मिनिटांनी आलात तरी चाललं असतं, एवढं म्हणायला माझी जीभ झडली होती का?

बाबा : असं नको बोलूस.

आई : मग माझं नाव लिहा! बायकोने बोलावलं म्हणून गेलो, असं लिहा. मला कोण काय करणार आहे?

बाबा : अगं, तू बोलावलंस हे बरोबरच केलंस. आकडा मी उतरवला. शेजारच्या टेबलावर माझा मदतनीस होता, त्याला "एवढं बघ" म्हटलं असतं तरी झालं असतं. मी गाडीची किल्ली एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही केली. ते हात काही तुझे नव्हते.

आई : आणि नोकरीच गेली तर?

बाबा : भीती मलाही वाटते. पण तिच्या तापावर नोकरी वाचवायची नाही मला.

आई : तुमचा इतका राग येतो मला. आणि त्यात तुमचंच पटतं, म्हणून आणखी येतो.

बाबा : तिला सांगून टाकू. काय झालं ते सांगू. का झालं ते नाही.

आई : आणि मी तिच्याकडे बघून गप्प राहायचं. जमेल का मला?

बाबा : तुझ्याकडे बटणं असतातच खाली बघायला.

ठकू : आणला! काकू विचारत होत्या, वीज गेली का. मी मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही, अशी.

आई : म्हणजे आता त्या वर येतील बघायला.

बाबा : ठकू, खिडकीवर चादर टाक. आई, तो सदरा बाजूला घे.

आई : अंधारात मी बटणं काय वासावरून लावू?

बाबा : पाच मिनिटं. हे तीन ग्लास. एकात मिठाचं पाणी. दुसऱ्यात साधं पाणी आणि दुधाचे दोन थेंब. तिसऱ्यात तुझं पीठ. मिठाला बाजूने उजेड लाव. आत काय दिसतं?

ठकू : काहीच नाही. पलीकडे भिंतीवर गोल पडलाय.

बाबा : उजेड आतून गेला आणि कुठेच अडला नाही. द्रावण. आता दुसरा ग्लास.

ठकू : अय्या! रेघ दिसतेय. पाण्यातून आरपार. आई, बघ ना, सुतळी ताणून बांधल्यासारखी.

आई : ...खरंच की.

बाबा : एवढे बारीक कण की डोळ्यांना एकेक दिसत नाहीत, पण उजेड त्यांना थडकून फाकतो. हे कलिल. आणि पिठाचा बघ. वर पाणी, खाली जाड थर.

ठकू : ढवळलं की उजेड पलीकडे जातच नाही. आणि पुन्हा बसतंय. बाबा, मगाशी हे दोन ग्लास लांबून सारखेच दिसत होते रे. मीठ आणि दूध.

बाबा : म्हणून तर उजेड सोडून बघायचं. माझ्या कामावर हेच करतो आम्ही. शहराला जाणाऱ्या पाण्यातून उजेड सोडायचा, तो किती फाकतो याचा आकडा यंत्र देतं. आकडा वहीत लिहायचा, सही करायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

ठकू : मग तुला कागद का आला? चुकल्यावरच येतो ना कागद?

आई : ठकू, चादर काढ आता. मला दिसत नाहीये.

बाबा : राहू दे. सांगतो मी. एका दुपारी मी उजेड सोडलाच नाही. सकाळचाच आकडा पुन्हा लिहिला.

ठकू : न बघता?

बाबा : न बघता.

ठकू : आणि पाणी खराब होतं?

बाबा : गढूळ होतं. नदीला वरून गाळ आला होता. बघितलं असतं तर कळलं असतं. तीन वस्त्यांना तसंच गेलं.

ठकू : आपल्याकडे?

बाबा : आपल्याकडे नाही.

ठकू : कुणी आजारी पडलं?

बाबा : नाही. नशीब आमचं. पण दुसऱ्या दिवशी लोक बाटल्या भरून घेऊन आले. माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या. तासाभरात एकेका बाटलीच्या तळाशी गाळ बसला.

ठकू : तू काय केलंस?

बाबा : बघत राहिलो. आदल्या दिवशी जे बघायचं होतं ते.

ठकू : माफी मागितलीस?

बाबा : मागितली. तोंडाने मागितली, लिहूनही दिली. परवा पुन्हा मागेन.

ठकू : मग परत घेतील तुला?

बाबा : माहीत नाही. घेतील किंवा नाही घेणार.

ठकू : मला आधीच सांगायचं ना रे. मी पिवळे डोळे बघत बसले.

बाबा : कुणाचे?

आई : ते मी सांगेन तुम्हाला नंतर. चादर काढ गं. आणि आधी ती सही घे.

बाबा : पेन दे. "पुढील तक्ता पूर्ण करा. प्रत्येक प्रकारच्या मिश्रणाचे..."

आई : अहो, मगाशी वाचलंत की.

बाबा : पुन्हा वाचतो. ठकू, इथे "मिश्रणाचे"मधला णा राहिलाय तुझा.

ठकू : बाबा, सही फक्त!

बाबा : थांब. निलंबन. हे खोडू का?

ठकू : खोड. पिठाचं पाणी लिही. तुझं मला आता नीट समजलंय, पण ते विज्ञानात नाही बसत.

बाबा : एक रेघ मारतो. खालचं दिसलं पाहिजे. आमच्याकडे चूक गिचमीड करून झाकायची नाही, असा नियम आहे. "पिठाचे पाणी." तारीख. ही सही.

आई : संपलं? एका सहीला पाच मिनिटं. माझी तीन बटणं झाली असती.

बाबा : टॉर्च मी देऊन येतो खाली.

आई : तुम्ही? काकूंकडे? विचारतील हो त्या.

बाबा : विचारू देत. सांगेन, घरीच बसलोय सध्या, टॉर्चबद्दल आभारी आहे. दार लावू नका, आलोच.

ठकू : आई, बाबा स्वतःहून गेला त्यांच्याकडे.

आई : हो गं. ते ग्लास धुवायला टाक. पिठाचा मोरीत ओतू नकोस, तुंबेल. कुंडीत ओत.

ठकू : दुधाचा?

आई : तोही कुंडीत. मिठाचा मोरीत चालेल. आणि हात पुस, माझ्या कापडाला लावशील.

ठकू : तू इतक्या जवळून का शिवतेयस?

आई : दोरा बारीक आहे.

ठकू : आई.

आई : हं.

ठकू : बाबा घराला कुलूप लावतो, जिना उतरतो आणि परत वर येऊन ते ओढून बघतो.

आई : सवय आहे त्यांची.

ठकू : गॅस बंद केला का म्हणून फाटकापासून परत येतो. माझ्या वहीत राहिलेला णासुद्धा दिसतो त्याला. तो न बघता सही करूच शकत नाही.

आई : ठकू, ग्लास.

ठकू : धुते ना. पण मग त्या दुपारी त्याला एवढी कसली घाई होती? कुठे जायचं होतं गं त्याला?